खेळायचंच असेल तर घरी काय वाईट?

पत्रातला प्रश्न: तालुक्याच्या गावातल्या एका खासगी बालवाडीत मोठ्या गटाला शिकवणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. वर्गात साडेचार ते सहा वर्षांची २८ मुलं. मदतीला एक मावशी आहेत, पण त्यांचा अर्धा वेळ छोट्या गटात जातो. वर्गाची वेळ साडेदहा ते दीड. ताईंनी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केला आहे आणि रोज एक नवा उपक्रम घ्यायचाच, असा त्यांचा नेम आहे: ठसेकाम, मातीकाम, बियांची वर्गवारी, रंगांचे दिवस, गोष्टीचं नाट्यीकरण. मुलं आनंदाने येतात, पण पालक नाराज आहेत. जवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत त्याच वयाची मुलं शंभरपर्यंत आकडे लिहितात, त्यांना रोज गृहपाठ असतो आणि इथल्या वहीत काहीच नसतं. पालकसभेत एक आई म्हणाली, “खेळायचंच असेल तर घरी काय वाईट आहे?” दिवाळीनंतर चार मुलं तिकडे गेली. जानेवारीपासून प्रत्येक मुलाकडून रोज एक पान लिहून घ्यायचं, असं आता संस्थाचालकांनी सांगितलं आहे. ताई विचारतात, उपक्रम बंद करून लेखन सुरू करू, की नोकरी सोडू? आणि ज्यांना बालशिक्षण म्हणजे काय तेच ठाऊक नाही, त्या पालकांना समजवायचं तरी कसं?

प्रिय ताई,

त्या आईचं वाक्य तुम्हाला फार लागलेलं दिसतं, पत्रात ते तीनदा आलंय. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला. वर्षाची फी भरून, डबा करून, मुलाला वेळेवर पोचवणाऱ्या बाईने हे विचारायलाच हवं. आणि आपण बालवाडीत काम करणाऱ्यांनी त्याचं नेमकं उत्तर तयार ठेवायला हवं. “मुलं खेळातून शिकतात” हे उत्तर पुरत नाही. ते खरं आहे, पण इतकं मोघम आहे की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

तुम्हीच लिहिलेला बियांच्या वर्गवारीचा उपक्रम घेऊ. परातीत चिंचोके, राजमा, वाल आणि सीताफळाच्या बिया मिसळून ठेवल्या आहेत, भोवती पाच-सहा मुलं आहेत. एका मुलाने चिंचोके आणि सीताफळाच्या बिया एकत्र केल्या. शेजारची मुलगी म्हणते, “चुकलं, हे वेगळं आहे.” तो म्हणतो, “दोन्ही काळंच आहे.” तिने आकार धरलाय, त्याने रंग. इथे ताईंनी “चिंचोके इकडे, सीताफळ तिकडे” असं सांगून टाकलं तर वर्गवारी पाच मिनिटांत उरकेल आणि मुलं सांगितलेलं करणं तेवढं शिकतील. त्याऐवजी ताईंनी विचारलं, “हा ढीग कशाचा केलास रे?” तर त्याला आपल्या डोक्यातला नियम शब्दांत मांडावा लागतो, आणि एकाच वस्तूचे दोन तऱ्हांनी गट करता येतात हे तिला दिसतं. मग पुढचा प्रश्न: “कुठल्या ढिगात जास्त बिया आहेत?” राजम्याचा ढीग मोठा दिसतो म्हणून दोघंही तिकडे बोट दाखवतील. “कसं कळेल?” म्हटल्यावर कुणीतरी एक राजमा, एक वाल असं समोरासमोर मांडू लागेल. एकास एक जोडी लावणं म्हणजे गणिताचा पाया, आणि तो त्या परातीत घातला जातोय.

घरी परात असते, राजमाही असतो. पण तिथे “चुकलं” म्हणणारी त्याच वयाची मुलगी नसते, आणि योग्य वेळी एकच प्रश्न विचारून गप्प बसणारं मोठं माणूस क्वचितच असतं. घरी काय वाईट, याचं उत्तर हे आहे. घरी वाईट काहीच नाही. इथे मात्र कुणीतरी विचार करून साहित्य मांडलंय, पाहतंय, आणि हे मूल उद्या कुठवर जाईल ते ताडतंय.

आता जरा नाजूक गोष्ट. तुमच्या पत्रात रोज नवा उपक्रम असल्याचा अभिमान दिसतो. त्यामागची मेहनत मी जाणते. रात्री जागून कागद कापणं, रंग कालवणं, स्वतःच्या पैशांनी सामान आणणं, हे बालवाडीच्या ताया करतात आणि त्याची कुठे नोंद होत नाही. पण रोज नवं हवं असतं ते बहुतेक मोठ्यांना. चार-पाच वर्षांच्या मुलाला तेच पुन्हा करायचं असतं. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. तिथल्या एका तीनेक वर्षांच्या मुलीबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय. लाकडी दट्टे ज्याच्या त्याच्या खोबणीत बसवायचं काम तिने चाळीसहून अधिक वेळा, भोवतालच्या गोंगाटाकडे ढुंकूनही न बघता केलं, आणि मग आपणहून थांबली. तुमचा ठसेकामाचा दिवस सोमवारी संपला आणि मंगळवारी ते साहित्य कपाटात गेलं, तर ज्या मुलाला सोमवारी फक्त रंगात हात घालायची भीड चेपायची होती, त्याच्या वाट्याला ठसे आलेच नाहीत. आठवड्याला दोन-तीनच उपक्रम ठेवा आणि ते दहा-पंधरा दिवस मांडलेले राहू द्या. तुमची रात्रही वाचेल.

आणखी एक विचारते. गणपतीत तुमच्या मुलांनी केलेले अठ्ठावीस कागदी गणपती भिंतीवर लावल्याचं तुम्ही लिहिलंय. ते सगळे एकसारखे होते का? असतील, तर कापणं, आखणं, डोळे लावणं तुम्ही केलं असणार आणि मुलांनी दाखवलेल्या जागी चिकटवलं असणार. तसं असेल तर त्या भिंतीत आणि शेजारच्या शाळेच्या भरलेल्या वहीत मला फारसा फरक वाटत नाही. दोन्हीकडे मोठ्यांना दाखवण्यासारखं काहीतरी तयार झालं आणि विचार मोठ्यांनीच केला. खेळ की लेखन, एवढ्यावर उपक्रमाचा कस लागत नाही. त्या वीस मिनिटांत डोकं कुणाचं चाललं, हे बघायचं. ही एकच कसोटी तुम्ही तुमच्या दिवसभराला लावून पाहावी असं मला वाटतं. पालकांशी बोलायची भाषाही तिच्यातूनच सापडेल.

तुमच्या वेळापत्रकावरून एकदा हात फिरवू. प्रार्थना, हजेरी, गाणी, उपक्रम, डबा, गोष्ट, मैदान, घरी. क्रम चांगला आहे, फारसं बदलायची गरज नाही.

हजेरी तुम्ही नाव पुकारून घेता. तीच मुलांकडे सोपवा. प्रत्येकाच्या नावाची जाड कार्डं करा. आधी नावाबरोबर एखादं चित्र, महिन्या-दोन महिन्यांनी नुसतं नाव. मूल आल्यावर ढिगातून आपलं कार्ड शोधून फळ्यावरच्या ‘आलो’च्या रांगेत लावेल. उरलेली कार्डं ‘आले नाहीत’मध्ये. मग रोज कुणीतरी दोघं मोजतील: आज किती आले, किती राहिले, कालच्यापेक्षा जास्त की कमी? काही दिवसांनी सईला साईचं कार्ड हातात घेतल्यावर वाटेल की हे माझंच आहे. मग ती दोन्ही शेजारी धरून बघेल. ‘स’ तर तोच, मग वेगळं काय? पुढचा काना तेवढा वेगळा आहे, हे तिने स्वतः शोधलेलं असेल. ‘स सशाचा’ पन्नासदा गिरवून ते तिला इतकं पक्कं कळलं नसतं. हे वाचनच आहे, आणि त्याला वही लागली नाही.

गाणी घेताच, त्यात एवढीच भर: शब्दाचे तुकडे टाळ्यांवर पाडा. क-म-ळ, तीन टाळ्या. भा-क-री, तीन. मग ‘पोळी’ला किती? कुणाच्या नावात सर्वांत जास्त टाळ्या? जमू लागलं की शेवटच्या अक्षरावरून शब्दांच्या भेंड्या. बोललेला शब्द ध्वनींचा बनलेला असतो हे कानाला कळलं, की डोळ्यांना अक्षर ओळखणं सोपं जातं.

उपक्रमाच्या वेळी तुम्ही अठ्ठावीस जणांना एकदम घेऊन बसता, आणि मला वाटतं तुमच्या थकव्याचं खरं कारण इथे आहे. सात-सात जणांचे चार गट करा आणि चार कोपरे मांडा. बाहुली-भातुकली, ठोकळे, चित्र आणि माती, आणि चौथा कोपरा तुम्ही ज्यात बसणार तो. पहिल्या तीन कोपऱ्यांत मुलं आपापली खेळतील, तुम्ही चौथ्यातल्या सातांकडे नीट लक्ष द्याल. रोज गट बदलायचा. म्हणजे चार दिवसांत प्रत्येक मुलाशी तुमचं निवांत बोलणं होतं. पहिला पंधरवडा गोंधळाचा जाईल, भांडणं होतील, ठोकळे फेकले जातील. तो पंधरवडा काढा. एका कोपऱ्यात किती जणांनी बसायचं, सामान कुठे परत ठेवायचं, हे नियम मुलांबरोबर ठरवले तर मुलंच ते एकमेकांकडून पाळून घेतात.

साहित्यासाठी पैसे नाहीत असं तुम्ही लिहिलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पाड्यांच्या अंगणात बालवाडी भरवली, आणि माँटेसरीच्या महागड्या साहित्याच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, माती वापरली. आज देशभर अंगणवाड्या आहेत, त्यामागे या दोघींचं काम आहे. तुमच्या गावात चिंचोके आहेत, बाटल्यांची झाकणं आहेत, शिंप्याकडच्या चिंध्या आहेत, कुंभाराची माती आहे. पालकांकडून आठवड्याला एक टाकाऊ वस्तू मागवा.

डब्याची वेळ ही नुसती खाण्याची वेळ समजू नका. वाट्या मुलांनी मांडाव्यात, प्रत्येकापुढे एक. “या ओळीला किती वाट्या लागतील?” असं विचारून तेवढ्याच आणायला पाठवा. दोन कमी आणल्या तर तो पुन्हा जाईल, आणि दुसऱ्या दिवशी नीट मोजून आणेल. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणणारं मूल सात वाट्या मागितल्यावर मूठभर घेऊन येतं, हे मी अनेक वर्गांत पाहिलंय. या वयाच्या मुलासमोर पाच मणी ठेवा. एक, दोन, तीन, चार, पाच असं ते बिनचूक मोजेल. “मग किती आहेत?” विचारलं की काही मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. ‘पाच’ हे शेवटच्या मण्याचं नाव नसून सगळ्या मण्यांची संख्या आहे, हे त्यांना अजून उमगायचंय. आणि तेच मणी लांब लांब पसरले की बरीच मुलं म्हणतात, “आता जास्त झाले.” मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे दाखवून दिलं त्याला कित्येक दशकं झाली. असं मूल वहीत शंभर आकडे लिहीत असेल, तर ते आकड्यांची चित्रं काढतंय. पालकांना हे सांगताना दुसऱ्या शाळेला नावं ठेवायची गरज नाही. तुमच्या मुलाला सातपर्यंतची संख्या खरी कळते, ती कशी, हे दाखवलं की झालं.

गोष्ट मात्र रोज नवी नको. एकच गोष्ट तीन-चार दिवस सांगा. पहिल्या दिवशी नुसती. दुसऱ्या दिवशी मध्येच थांबून “आता काय होईल?” तिसऱ्या दिवशी मुलांनी सांगायची, आणि तुम्ही मुद्दाम एखादा प्रसंग चुकवायचा. चवथ्या दिवशी करून बघायची. जी मुलं घरी वेगळी बोली किंवा वेगळी भाषा बोलतात, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या घरांतली असतात, त्यांना पहिल्या दिवशी फार कमी कळतं. चौथ्या दिवसापर्यंत ती तोंड उघडतात. त्यांचा शब्द वेगळा असला तर तोही वर्गात वापरा, दुरुस्त करायची घाई करू नका.

मैदान कधीही रद्द करू नका, सभेच्या तयारीसाठीसुद्धा नाही. लंगडी, उड्या, आखलेल्या रेषेवरून तोल सावरत चालणं यांचा लेखनाशी सरळ संबंध आहे. खांदा आणि पाठ स्थिर झाल्याशिवाय बोटं मोकळी होत नाहीत.

आता लेखनाकडे येते, कारण खरा पेच तिथे आहे. “या वयात लिहायला देणं चूकच” असं तुम्ही लिहिलंय. मी इतकं ठाम म्हणणार नाही. साडेपाच वर्षांची मुलगी “माझं नाव लिहून दाखवा” म्हणून मागे लागली, तर तिला दाखवायलाच हवं. तिने दुकानाची यादी म्हणून रेघोट्या ओढल्या, तर तेही लेखनच आहे, आणि “काय काय लिहिलंस, वाच बघू” म्हणायला हवं. घात होतो तो पान भरण्याने. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात, मग हळूहळू एकेक हाड घडत जातं आणि शेवटचं घडेपर्यंत मूल नऊ ते बारा वर्षांचं होतं. याचा अर्थ तोवर लिहू नये असा नाही. पण हा हात अजून घडतोय, त्याला अरुंद चौकोनांत तेच अक्षर तीसदा काढायला लावलं की बोटं दुखतात, पेन्सिल मुठीत आवळली जाते, अक्षराची चुकीची वळणं हातात बसतात आणि पुढे ती मोडायला पहिलीच्या बाईंना महिने घालवावे लागतात. मुलाला लिहिण्याचा कंटाळा येतो तो वेगळाच.

म्हणून संस्थाचालकांना सरळ ‘नाही’ म्हणण्यापेक्षा तुमचा स्वतःचा लेखनपूर्व कार्यक्रम लिहून द्या. तुम्ही आधीच करताय त्यातलं बरंचसं त्यात येतं, फक्त त्याला तसं नाव दिलेलं नाही. मणी ओवणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, कणीक मळणं, कागद फाडून चिकटवणं, बटणं लावणं, तांब्यातून वाटीत पाणी ओतणं: ही बोटांची आणि मनगटाची तयारी. वाळूत बोटाने, पाटीवर ओल्या फडक्याने, फरशीवर खडूने मोठाल्या उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा, अर्धगोल, गोल, नागमोडी: ही वळणांची तयारी. रांगोळीचे ठिपके जोडायला आजीला वर्गात बोलवा. जानेवारीपासून मोठ्या गटासाठी रोज पंधरा मिनिटं कोऱ्या मोठ्या कागदावर जाड खडूने चित्र आणि नाव. मार्चपर्यंत ज्यांची तयारी दिसेल त्यांच्यासाठी ग, म, भ, न अशी एका वळणाची अक्षरं, मुळाक्षरांच्या क्रमाने नव्हे. लिखाणाचा गृहपाठ नाही. एवढ्याने “रोज लेखन होतं” हे संस्थाचालकांना खरेपणाने सांगता येतं आणि मुलांचंही नुकसान होत नाही. ही तडजोड आहे हे मला कळतं. पण ती मुलांच्या बाजूने झुकलेली आहे, म्हणून मी ती सुचवते.

त्यांच्याशी बोलताना सरकारी कागद हाताशी ठेवा, त्याचा उपयोग होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग एकच पायाभूत टप्पा मानलाय, म्हणजे तुमची बालवाडी आणि पहिली-दुसरी एकाच टप्प्यात येतात. त्यावर आधारलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला. तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तकं नकोत, आणि या टप्प्यावर लेखी चाचण्या-परीक्षा अयोग्य आहेत, मुलाचं निरीक्षण आणि त्याने केलेलं काम यांवरून प्रगती पाहावी, असं त्यात आहे. संस्थाचालकांना हे ठाऊक नसण्याची शक्यता बरीच आहे. भांडणाच्या सुरात न मांडता “आपली बालवाडी आधीच या दिशेने आहे, जाहिरातीत हे घालता येईल” असं सांगा. मुलं गळण्याची त्यांची चिंता खोटी नाही.

पालकांबद्दल तुम्ही लिहिलंय की त्यांना बालशिक्षण म्हणजे काय तेच ठाऊक नाही. माझा अनुभव वेगळा आहे. पालकांना आपलं मूल बारकाईने ठाऊक असतं. त्यांना पहिलीची भीती असते, आणि ती स्वतःच्या शाळेच्या आठवणींतून आलेली असते. कुणी मागच्या बाकावर बसून छड्या खाल्लेल्या, कुणाची शाळा पाचवीत सुटलेली. त्यांच्या लेखी वही म्हणजे पुरावा, आपलं मूल मागे पडत नाहीये याचा. तुमच्याकडून घरी पुरावाच जात नाही. मातीचा बैल संध्याकाळपर्यंत मोडतो, आणि “आज काय केलं?” या प्रश्नाला मूल “काही नाही, खेळलो” म्हणतं. मग पालकांनी काय समजावं?

म्हणून पुरावा द्या. प्रत्येक मुलाची एक साधी फाइल करा. पंधरा दिवसांतून एक चित्र, त्यावर तारीख, आणि चित्राबद्दल मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत तुमच्या अक्षरात खाली. जूनमध्ये माणसाचं डोकं आणि त्यालाच फुटलेले पाय, डिसेंबरमध्ये मान, बोटं, शर्टाची बटणं, आणि खाली “हे बाबा ट्रॅक्टरवर बसलेत, आई भाकरी घेऊन आलीय.” ही दोन चित्रं शेजारी ठेवली की तुम्हाला भाषण करावं लागत नाही. फाइलमध्ये महिन्याला दोन ओळींची नोंद: “वाट्या मोजून आणतो. भांडण झालं की आता हात न उचलता येऊन सांगतो.” सगळ्यांची एका दिवशी लिहायला बसू नका. आज ज्या सात जणांबरोबर बसलात त्यांतल्या दोघांची, घरी जायच्या आधी.

व्हॉट्सॲपच्या गटावर तुम्ही रोज पंधरा-वीस फोटो टाकता, ते कमी करा. फोटोसाठी मुलांना थांबवलं की खेळ मोडतो. आठवड्याला एक फोटो, आणि त्याखाली मुलं यात काय करत होती ते एका वाक्यात. जोडीला पालकांसाठी एक प्रश्न: “आज घरी विचारा, कोल्ह्याने काय केलं?” मूल गोष्ट सांगू लागलं की आईला पुरावा कानाने मिळतो.

पुढची पालकसभा खुर्च्या मांडून घेऊ नका. तेच चार कोपरे मांडा आणि पालकांना बसवा. चिमट्याने चिंचोके उचलू द्या, डाव्या हाताने आपलं नाव लिहायला सांगा (डावखुऱ्यांना उजव्या). अर्ध्या पानात हात अवघडतो, अक्षर वाकडं येतं, आणि शेजारचा बघतोय म्हणून संकोच वाटतो. मग शांतपणे सांगा की मुलाला तीस वेळा ‘अ’ काढताना असंच होतं. मुलांना मात्र सभेत उभं करून प्रश्न विचारू नका. जे मूल घाबरून गप्प बसेल त्याला घरी बोलणी बसतील. ज्यांना कामामुळे सभेला येता येत नाही, त्यांना एखाद्या सकाळी अर्धा तास वर्गात बसायला बोलवा, एका वेळी दोघंच. वडिलांना खास निरोप द्या, कारण शाळा बदलायचा निर्णय पुष्कळदा तिकडून होतो.

आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाईंना एकदा भेटा. “माझी मुलं तुमच्याकडे येतात, ती काय घेऊन आलेली तुम्हाला हवी असतात?” असं विचारा. ऐकून घेता यावं, दोन सूचना लक्षात राहाव्यात, आपलं दप्तर आणि बाटली सांभाळता यावी, लघवीला जायचं सांगता यावं, गोष्टीत लक्ष लागावं, पेन्सिल धरता यावी, असंच बहुतेक जणी सांगतात. त्यांना सभेला पाच मिनिटं बोलायला बोलवा. पालकांची भीती पहिलीची आहे, तेव्हा पहिलीच्या बाईंचा शब्द तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त वजनाचा ठरेल.

हे वाचणाऱ्या पालकांनाही सांगते. बालवाडी निवडताना वही उघडण्याआधी वर्गात दहा मिनिटं उभं राहा. मुलं एकमेकांशी बोलताहेत का, ताईंना प्रश्न विचारताहेत का, भिंतीवरची चित्रं वेगवेगळी आहेत का, एवढं बघा. ताईंना विचारा, “गेल्या महिन्यात माझ्या मुलात तुम्हाला काय नवीन दिसलं?” जिला त्याचं उत्तर देता येतं ती चांगली ताई. आणि ताई, एक जबाबदारी आपल्यावरही येते. खेळातून शिकेल म्हणून प्रत्येक गोष्टीची वाट बघत बसायचं नसतं. पाच वर्षांचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, परक्याला त्याचं बोलणं अजिबात कळत नसेल, चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघत असेल, किंवा इतर मुलांत कधीच मिसळत नसेल, तर पालकांना बाजूला घेऊन वेळेत सांगा आणि तपासणीला पाठवा.

नोकरी सोडण्याचं म्हणाल, तर आत्ता नको. तुमच्या पगारावर घर चालतं असं तुम्ही लिहिलंय, आणि ही अठ्ठावीस मुलं तुमच्याशी जोडली गेली आहेत. वरचा लेखी कार्यक्रम द्या, मार्चअखेरपर्यंतची मुदत मागा, आणि त्याबरोबर मावशींना कोपऱ्यांच्या वेळेत पूर्ण पाऊण तास तुमच्या वर्गात द्यावं, असं मागून घ्या. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने या वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस सांगितलंय, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही. मुलांना मारून लिहून घ्या, नापास करा, न लिहिणाऱ्याला डब्याला बसवू नका, असलं काही सांगितलं गेलं तर मात्र लगेच दुसरीकडे अर्ज करा. तोवर, गेलेल्या चार मुलांच्या घरी सणावाराला सहज जाऊन या. शाळेचा विषय तुम्ही काढू नका. मुलं कशी आहेत, एवढंच विचारा.